खाऊ

डॉक्टर शहाणेबाई म्हणाल्या, एक वही घाला.
पोरगी काय खाते, किती वाजता,
आणि त्या रात्री छाती वाजली का.
तोवर कुणाचं ऐकून काही बंद करू नका.

पण बंद करून झालं होतं सगळं.
पहिल्यांदा केळं गेलं. मग दही,
मग पेरू, चिंच, फ्रीजमधलं पाणी.
आत्यानं पाटणहून फोनवर भात बंद केला.
खालच्या मजल्यावरच्या इंदूकाकींनी अंडं,
शाळेच्या रिक्षावाल्यानं शेंगदाणे.
स्वरांगी सहा वर्षांची.
ताटाकडे बघायची आधी, मग आईकडे.
आज काय चालतं?

मी काही लिहिणारा माणूस नाही.
तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोणी घेतो,
टेम्पोतून गाळ्यात, गाळ्यातून टेम्पोत.
मुकादम भिंतीवर खडूनं रेघा ओढतो,
चार उभ्या, पाचवी आडवी.
तशाच ओढल्या मी वहीत.
बऱ्या रात्रीला उभी,
पंप लागला की आडवी.

अक्षर संध्याचं:
सोम. पोळी, दोडका.
मंगळ. डाळभात, दही (आत्याला सांगू नका).
गुरु. भाकरी, मटकी, अर्धं अंडं.
सगळ्या उभ्या.
शनि. खिचडी, पापड.
आडवी.

त्या रात्री दहाला पंप, दोनला पुन्हा पंप.
स्पेसरच्या मुखवट्यावर तिचे डोळे केवढे,
बरगड्यांत मांजराचं पिल्लू अडकून पडल्यासारखी घुरघुर,
आणि कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत
आम्ही दोघं
दहापर्यंत आकडे मोजतो हळू,
तिचा श्वास आपलाच असल्यासारखे.

पुढचा शनिवार आडवा. त्याच्या पुढचाही.
बाईंनी वहीवर पेन टेकवलं:
शनिवारी काय असतं?

शनिवारी काय असतं.
शनिवारी मी उशिरा येतो, साडेनऊला.
ती झोपत नाही, माझ्या खिशासाठी.
चिमणशेठ फुटल्या खोक्यातले मूठभर बेदाणे
कागदात बांधून देतात, पोरीला म्हणून.
पिवळेधमक, हळद लावल्यासारखे.
अंथरुणात बसून एकेक खाते,
देठ काढून माझ्या तळव्यावर ठेवते.

वहीत खाण्याचा रकाना होता.
खाऊचा नव्हता.

रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, बाई म्हणाल्या.
सगळ्यांना नाही, दम्याच्या काही माणसांना ती लागते.
हिला असेल, नसेलही.
मी म्हटलं, मग केळं?
केळं द्या हो. दही द्या.
उगाच कशाला उपाशी ठेवता?
मग माझ्याकडे बघून थोडं थांबल्या.
शनिवारी कुठल्या गाळ्यात असता?

मिरचीच्या.
शनिवारी जादा काम, मिरचीची थप्पी.
सदरा झटकला तर शेजारचा शिंकतो.
तोच सदरा घालून मी तिला उचलून घेतो.

आता बेदाणा बंद. सदरा जिन्याखाली बदलतो,
नळावर मान, कान, केस धुतो,
मगच वर जातो.
दोन्ही एकदमच सोडलं,
त्यामुळे नक्की कोण होतं
ते वहीलाही सांगता येत नाही.
पाच शनिवारांत एकच आडवी रेघ,
ती नुसत्या वरणभातावर.
बाई म्हणाल्या, असंही होतं. पंप चालू ठेवा.

पहिल्या शनिवारी मी डझनभर केळी नेली.
तिनं सालाची एक पट्टी सोलली, थांबली,
आईकडे बघितलं.
चालतं, संध्या म्हणाली.
तरी तिनं माझा खिसा तपासलाच.

चिमणशेठ अजून पुडी बांधतात.
म्हातारा माणूस, स्वतःची नातवंडं दूर अमेरिकेत.
नको म्हणवत नाही.
हुकाच्या पिशवीत पाच पुड्या साठल्यात.
एकीला मुंग्या लागल्या आहेत.
मुंग्यांना काही होत नाही,
बघत होतो मी बराच वेळ.