रिकामा पाय

सोमवारी पेपर. आज शुक्रवार, रात्रीचे अकरा.
रास अल खैमा, नखील, तिसरा मजला;
एसीखाली बादली, आणि तिच्या टपटपीवर
मी घोकतो आहे लाल रेघ, निळी रेघ.
लालच्या खाली वेग गेला
की एका इंजिनावर विमान पायाचं ऐकत नाही.
निळी म्हणजे उरलेल्या एकाने
जमेल तेवढं चढायचं. त्याहून हाव नको.

चुकीचा पर्याय निवडण्यात
माझा हात धरणारं कोणी नाही.
क्रिटिकल इंजिन कोणतं? डावं.
का?
उजव्या पंख्याचं खाली उतरणारं पातं
मधल्या रेषेपासून जास्त लांब,
म्हणून डावं गेलं की उजव्याचा ओढा भारी.
इंग्रजीत हे पाठ होतं.
मराठीत म्हणून पाहिलं तेव्हा कळलं,
कळलेलं नव्हतंच.

अकरा वर्षं हँगरमध्ये दुसऱ्यांच्या विमानांची चाकं बदलली.
फीमध्ये गेला तो चिपळूणचा प्लॉट.
"प्लॉट काय, नंतर घेऊ," मृण्मयी फोनवर म्हणाली,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.

समोरच्या खाटेवर हसनमियां परकार,
मूळचे दाभोळचे, बंदरात टगवर इंजिन सांभाळतात.
"कवापासून तेच काय पुटपुटतोयस?"
मी आकृती दाखवली.
त्यांनी पुस्तक उलटं धरलं, मग सरळ,
मग बाजूला ठेवून उठले
आणि दारातून स्वतःच्या चपला घेऊन आले.
मधे लाटणं, दोन्ही अंगांना एकेक चप्पल,
लाटण्याला अजून सकाळचं पीठ.
"हा डावा बंद." डावी चप्पल उलटी केली.
"आता उजवा एकटा ढकलनार, नाक डावीकडं पळनार.
तू काय करशील?"
मी उजवा पाय फरशीवर रोवला.
डावा नुसता होता,
लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा.
"बघ," म्हणाले, "ज्या पायाला काम नाय
त्या अंगाचं मेलं."

हेच पुस्तकात होतं, पान एकशेबारा, चौकटीत.
मी चौकटीवरून तीन महिने उड्या मारत होतो.

"तुमचं एक बंद पडलं तर?"
"आमचं? नांगर टाकायचा, चाय ठेवायची,
ऑफिसला फोन. तुमचं रे?"

मी पान उलटलं.
ताकद निम्मी गेली म्हणून चढ निम्मा होत नाही,
दहातला जेमतेम दोन उरतो.
त्यात इथली जुलैची दुपार, शेहेचाळीस अंश,
हवा इतकी विरळ की पात्यांना धरायला काही नाही.
हे मी मोठ्याने वाचलं.
वाचायला नको होतं.

हसनमियांनी उलटी चप्पल सरळ केली,
उलटी राहिली तर भांडणं होतात घरात,
आणि लाटणं धुऊन जागेवर ठेवलं.

दीड वाजता दिवा बंद.
अंधारात मी खाटेच्या लोखंडी दांडीवर
पाय दाबत राहिलो. एक, मग दुसरा.
खाट करकरली.
पलीकडून आवाज आला, "आता कुठलं गेलं?"
"उजवं."
"मग रिकामा कुठला?"
"उजवा."
"बरोबर. झोप आता."