तीन पूर्णांक नऊ दशांश

पुंता अरेनासला वारा पिसाळला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोर बांधतात.
तो धरून मी कॉलेजात जाते,
पाठीला दप्तर, बोटांना खेकड्यांचा वास.
सहा ते दहा मी गोदामात खेकडे तोलते.
किलो, ग्रॅम. तिथे माझी चूक होत नाही.

चूक होते ती फळ्यासमोर.
प्राध्यापक इबार्रा लिहितात, क्ष शून्याकडे जातो.
जातो म्हणजे? पोचतो का?
"पोचत नाही, दानित्सा. हवा तितका जवळ जातो."
सगळे माना डोलावतात. मीही डोलावते,
आणि उतरवून घेते,
जशी परक्या घरातली पाककृती उतरवून घ्यावी
आणि आपल्याकडे त्यातलं एकही भांडं नसावं.

पहिली परीक्षा: सातपैकी दोन पूर्णांक एक.
दुसरी: दोन पूर्णांक आठ.
पास व्हायला चार लागतात.
अवकलनाच्या मागे त्रिकोणमिती,
त्रिकोणमितीच्या मागे अपूर्णांक,
अपूर्णांकाच्या मागे चौथीतल्या बाई
आणि त्यांना न दिसलेला माझा वर केलेला हात.
तो हात खाली कधी घेतला, आठवत नाही.

रात्री बाबा मेंढ्यांचा ट्रक धुऊन येतात.
टेबलावर कागद असतो: उतारावर ठोकळा,
ठोकळ्याला मी काढलेले बाण.
"हा बर्फावर आहे का?"
तसं लिहिलेलं नाही, बाबा.
"मग थांबेल की घसरेल, कसं सांगायचं?"
सहावी शिकलेला माणूस.
पानभर गणित करून मी जे घर्षण विसरले
ते त्यांना बूट काढता काढता सापडलं.
मला आनंद व्हायला हवा होता.
मी पान फाडलं.

मग सारवासारव करायला त्यांनीच विचारलं,
"आणि हा लांबुडका आकडा कसला?
अडकवायचं काय त्याला?"
बेरीज, म्हटलं. बारीक बारीक तुकड्यांची.
"खेकड्यांसारखी? एकेक तोलून शेवटी पेटी?"
हो. म्हणजे नाही. तुकडे इतके बारीक,
की एकालाही वजन नसतं.
केटली शिट्टी वाजवून थकली.
"मग पेटी कशी भरते?"

मार्चपासून मला हेच विचारायचं होतं.
विचारायला तोंड नव्हतं.

तिसरी परीक्षा: तीन पूर्णांक नऊ.
चाराकडे जाते, पोचत नाही.
जिन्यातच हसू फुटलं मला,
वर्षभरात पहिल्यांदा वर्गातला विनोद कळला होता.
इबार्रांचं दार वाजवलं.
एक दशांश मागायला आली असणार,
म्हणून त्यांनी नकार तयार ठेवून चष्मा काढला.
मी म्हटलं, तुकड्याला वजन नाही,
तर पेटी कशी भरते, सर?

ते खडू शोधू लागले.
खिशात नव्हता, खणात नव्हता.
खिडकीबाहेर दोर गुणगुणत होता
आणि तो धरून एक म्हातारी
वाऱ्याला खांदा देत, तिरकी तिरकी,
बेकरीकडे निघाली होती.