गारबट आणि कन्या, जहाजांचे पुरवठादार

हल शहरात आमच्या दुकानासमोर गोदी होती.
ती बुजवून बाग केली, त्यालाही जमाना झाला.
जिथे डोलकाठ्या उभ्या असत
तिथे बाकावर बसून लोक सँडविच खातात.
पाटी मात्र तीच : दोर, कंदील, ताजी भाजी.
पाटीवरची ‘कन्या’ आता बहात्तर वर्षांची आहे.

भिंतीवर नकाशा, नकाशात टाचण्या.
चष्मा कपाळावर चढवून मॉरीनबाई
मला धंद्याचा भूगोल शिकवतात :
ज्याला जहाजाला हात लावावा लागतो
तो पाणी सोडत नाही. टगवाले, पाणबुडे, पायलट.
ज्याला नुसता कागदाला,
तो सरकत सरकत आत जातो, जेवण बरं मिळेल तिथवर.
वकील लीड्सला गेले, विमेवाले लंडनला,
दलाल कुठे बसतात देव जाणे,
त्यांच्या फोनमागे कुत्रं भुंकतं.

“आणि आपण?”
“आपलं भाडं जुनं होतं.”

मी दाभोळच्या खाडीवरची.
गाळ चढतो, बंदर पुढे जातं,
वखारवाला तरी सकाळी दार उघडून बसतो,
हे मला नवं नाही.

परवा रात्री सव्वादोनला फोन. इमिंगहॅम.
पूर्वी जहाज आठवडाभर थांबे, हे अकरा तास.
भंडारी इंग्रजीत यादी सांगत होता : कांदे, अंडी, ब्लीच,
आणि एक काळं, वाळवलेलं, आंबट… शब्द सापडेना.
“आमसुलं?” मी म्हटलं.
पलीकडे नुसतं इंजिन घुरघुरत राहिलं.
मग, “कुठल्या ओ तुम्ही?”

दुकानात नव्हतीच. माझ्या घरच्या डब्यातली घेतली.
व्हॅन भरली, पूल ओलांडला,
खाली हंबर, ओहोटीची, गढूळ,
फाटकावर ओळखपत्र, पिवळं जाकीट, पुन्हा ओळखपत्र.
खोकी वर गेली तेव्हा मी हातमोजा काढून
पत्र्याला हात लावला.
गार होता. आत काहीतरी थरथरत होतं.

परतल्यावर आमची टाचणी उपसली
आणि पुलाच्या बरोबर मधोमध खोचली.

सकाळी मॉरीनबाईंनी चष्मा खाली घेतला,
बराच वेळ पाहिलं.
“तिथे,” म्हणाल्या,
“गाडी उभी करू देत नाहीत.”