पाय मोडणारी कळ

जुन्या कीबोर्डवर 'ल' दोनदा उमटायला लागला.
'ललिहून देतो की' असं छापलेलं प्रतिज्ञापत्र
वकिलांनी माझ्यासमोर धरलं,
बोलले काहीच नाहीत,
नुसता चष्मा वर सरकवला.

निमिष म्हणाला, आत्या, आता मेकॅनिकलच घे.
माझे सातशे टाकतो.
दिवसा तू टाइप कर, रात्री मी खेळतो.
सातशे कुठून आणले बे?
गणिताच्या नोट्स विकल्या.

मग बर्डीवर, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आणि लालवाणींनी एका पट्टीवर मांडलेले खटके:
दाबून पाहा, ताई.
निळा वाजतो, शेजारच्या मागासारखा.
तांडापेठेत खटखटीचं कुणाला काय,
पण दादाची रेल्वेत रातपाळी, झोपतो दिवसा,
आणि मी दिवसाच टाइप करते.
लाल मुकाट खाली जातो. निमिषचे डोळे चमकले.
माझं बोट गोंधळलं:
अक्षर उमटलं की नाही
हे बोटाला कळायला नको?
तपकिरी अर्ध्या वाटेत जरासा अडतो,
अंधारात उंबरठा पायाला लागावा तेवढाच.
मी म्हणाले, हा.
'हिच्यानं त मी पहिल्याच मिनिटाले मरतो, आत्या.'

लालवाणींनी बिनवायरचा पुढे सरकवला. साडेतीन हजार.
निमिष म्हणाला, नाही भाऊ, सिग्नल मागून येते.
मलाही वायरच बरी.
ज्या वस्तूचं दुसरं टोक दिसतं
तिची दुरुस्ती निदान सुरू तरी करता येते.

राहिली उजवीकडची आकड्यांची पट्टी.
मला हवी: आधार क्रमांक, खसरा क्रमांक, थकलेलं भाडं.
त्याला नको: माउसला पळायला जागा लागते.
दोन चहा होईपर्यंत भांडलो.
मी सोडली.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
त्या सातशेंमुळे असेल.

एकोणीसशे पन्नास.
मराठीचे स्टिकर देऊ का, त्यांनी विचारलं.
नको म्हणाले. माझी बोटं
बावीस वर्षं झाली, वाचत नाहीत.

घरी त्याने दाखवलं:
ही पुढे पळायची, ही मागे,
ही डावीकडे, ही उजवीकडे. बस, चारच.
मला हसू आवरेना.
अरे, ही पुढची म्हणजे 'मैदाना'वरच्या दोन मात्रा.
मागची, 'मेघा'वरची एक.
डावी, 'मोरा'चा काना आणि मात्रा.
आणि उजवीकडे वळलास
की अक्षराचा पाय मोडतो.
'म्हणजे रात्रभर मी काय लिहितो?'
काही नाही. एकही व्यंजन नाही त्यात.
ठिपक्यांच्या रिकाम्या गोलांवर
नुसत्या मात्रा, ओळीने.

मागच्या आठवड्यात त्याने चिमट्याने
त्या चार कळांखालचे खटके उपटले,
मित्राकडचे लाल बसवले.
मला विचारलं नाही.
सकाळी 'सत्य' लिहायला गेले
तर 'त'चा पाय असा मोडला
की मला कळलंही नाही.
बाकीची अक्षरं उंबरठा ओलांडून येतात,
मात्रा मात्र आधीच आत घुसलेल्या.
'येथे'वर एक जास्तीची पडली. खोडली.
पुन्हा पडली.

उठवून झापणार होते.
दार लोटलं.
पालथा पडलेला,
डाव्या हाताची तीन बोटं उशीवर
अजून वाकलेली, कुठेतरी जायच्या तयारीत.

दार ओढून घेतलं.
पुढचा कागद: मौजा बेसा, खसरा क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
एक,
चार,
सात,
वरच्या ओळीत शोधत.