लाल दोरा

मंगोचीच्या जिल्हा रुग्णालयात
लेबलं मार्चमध्येच संपली.
लुसुंगु बाईंनी शिंप्याकडून दोरे आणले,
सिरिंजच्या मानेला गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या,
नावं घोकू नकोस. विचार, हे काय काढून घेतं?

पिवळा शुद्ध नेतो.
निळा वेदना; हात सैल सुटला तर श्वाससुद्धा.
नारिंगी आठवण पुसतो,
रुग्ण मागाहून विचारतो, अजून सुरू नाही केलंत?
जांभळा काही नेत नाही,
खचलेला दाब तेवढा उचलून धरतो.
लाल फक्त हालचाल नेतो.
"फक्त," त्या पुन्हा म्हणाल्या.
आत माणूस जागा असेल
तर पापणीही चहाडी करत नाही.

केटामाइनपाशी मी अडले.
झोपवतं, दुखणं मारतं, डोळे मात्र उघडे.
"पिवळ्यात ठेव," बाई हसल्या,
"पण त्याला ते ठाऊक नाही."

टेबलावर बिनाली, मासेमार, मोडलेली मांडी.
छताकडे बघत यावमध्ये
कुणाला तरी सांगत राहिला,
जाळं ओढ, अरे ओढ.
ओढतेय, मी म्हटलं, माझ्या चेवामध्ये.

बाईंनी न बोलता
लाल दोऱ्याची सिरिंज
ट्रेच्या पार कडेला सरकवली.