तारा

फोटो माझा. मेलोच्या अलीकडे गाडीचं पाणी उकळलं,
म्हणून थांबले होते बोनेट उघडं टाकून.
समोर जुलैच्या थंडीत करपलेलं कुरण,
त्यात एक कुमैत घोडा, मान वळवून बघणारा,
जणू गाडीतलं त्याला माझ्याहून जास्त कळतं.
मागे टेकडी. आणि सगळ्यांच्या डोक्यावरून
विजेच्या चार तारा, एक खांब.

शुक्रवारी रात्री तो सगळ्यांच्या हवाली केला:
घ्या, रविवारी बारापर्यंत काय वाट्टेल ते करा.
उसनं काही आणलंत तर सांगायचं,
हरलात तर रुसायचं नाही.
जिंकेल त्यानं पुढच्या शुक्रवारचा फोटो निवडायचा.
बक्षीस एवढंच, आणि त्यासाठी माणसं झोप सोडतात.

शनिवारी दुपारपर्यंत तारा गेल्या.
साल्तोच्या निदियानं पाव भट्टीत असताना पुसल्या,
भाजून व्हायच्या आत.
यामांदू दाताचा डॉक्टर, त्यानं खांबासकट उपटल्या
आणि आकाश असं भरलं
की जिभेलासुद्धा खड्डा लागू नये.
रिवेराच्या ओतिलियानं विचारलं,
तारा ठेवायच्या असतात का कधी?
कुणी उत्तर दिलं नाही, प्रश्न वाटलाच नाही तो.

मग घोड्याचे हाल.
त्याला पंख फुटले (दर वेळी कुणीतरी पंख लावतंच),
तो मातेच्या तुंब्यात पोहला, बोंबिल्याची नळी तोंडात धरून,
एकानं त्याला नोटरीच्या खुर्चीत बसवलं,
चष्मा, शिक्का, समोर घाबरलेलं जोडपं;
मी स्वयंपाकघरात तासभर एकटीच हसत होते.

एल्बियो लारोसाचं काही येईना.
एल्बियो आमच्यात नवा, अडुसष्ट वर्षांचा,
नातीनं टाकलेल्या लॅपटॉपवर शिकलेला.
थर म्हणजे काय, ते मीच सांगितलं होतं:
काचेवर काच, काचेवर काच.
कळलं, म्हणाला, खांबावर चढताना
घालायचो तसे स्वेटर.

बाराला चार मिनिटं कमी असताना त्याचा आला.
घोडा नाही.
कुरण नाही, टेकडी नाही,
ढग एकेक करून उतरवून ठेवलेले.
कोऱ्या पांढऱ्यावर चार तारा,
मध्ये किंचित झोळ, थंडीत ठेवावा लागतो तेवढाच,
खांब, आणि खांबाच्या काखेत
ओर्नेरो पक्ष्याचं मातीचं घरटं,
जे माझ्याच फोटोत मला दिसलं नव्हतं.
खाली एक ओळ:
एकतीस वर्षं ह्या ओढल्या. पुसायला हात होईना.

दोन मतं पडली. त्यातलं एक माझं.
दुसरं कुणाचं, मी विचारलं नाही.
निदिया जिंकली, आणि जिंकायलाच हवी होती:
तिनं फक्त उजेड बदलला होता.
संध्याकाळ अशी उतरवली होती घोड्यावर
की तो आता घरी जाईल असं वाटत होतं.
यामांदूनं चक्क टाळ्या लिहून पाठवल्या, मोजून सोळा.

रात्री एल्बियोचा निरोप, फक्त मला.
निदियाचा घोडा. पाठीवर बघ, चारशे टक्क्यांनी मोठा करून.

बघितलं. आधी केस दिसले,
मग केसांत काही नव्हतं ते दिसलं,
मग खोगिराच्या जागी आडवी गेलेली
एक बारीक, सरळ, काळसर रेघ.
तार गेली होती.
सावली घोड्यानं ठेवून घेतली होती.

तिला सांगू का? मी विचारलं.

बराच वेळ तो लिहितोय, पुसतोय, लिहितोय.
मग आलं:
राहू दे. लाईन चालू आहे.
हात लावू नकोस.