पांढऱ्या दगडावरची काळी रेघ

माझं काम पुसण्याचं.
काढणारे वेगळे. त्यांची सही कोपऱ्यात,
उलटी, आरशातल्यासारखी.
माझी सही म्हणजे डाव्या खांद्यातली कळ.
ती अजून सुलटी आहे.

पॅरिसात, कातडीबाजाराच्या मागे, तळघरात
दगड उतरायचे. बव्हेरियाचे, शिळ्या लोण्याच्या रंगाचे.
एखाद्याच्या पोटात माशाचा काटा निघायचा,
कोणा दिवाणाची परवानगी न घेता
केव्हाच छापून गेलेला.

एका दगडावर दुसरा पालथा,
मधे वाळू, वरून पाणी,
आणि आठच्या आकड्यात गरगर.
जात्यासारखंच, फक्त पीठ निघत नाही.
निघतो राखाडी राबडा,
त्यात गेल्या आठवड्याचा मंत्री.
मी बिशप पुसलेत. घोरणारे न्यायाधीश पुसलेत.
एकदा अख्खी संसद पुसली, जेवणाच्या सुट्टीआधी.

मग इझिदोर लाकाझने ते पोट काढलं.
गृहखात्याचं पोट: खोलीत आधी ते शिरतं,
मागून पाच मिनिटांनी साहेब.
बंडीला सहा बटणं. सहावं सुटलंय,
हवेत आहे,
आणि खाली चेस्टनट विकणारी म्हातारी
एका डोळ्यावर हात धरून बसलीय.

शनिवारी अंक निघाला. सोमवारी भिंतींवर
कोळशाने पोरांनी काढलं: एक गोल, आत चार ठिपके.
बस्स.
पोट काढायची गरजच उरली नाही.
शिपाई बादल्या घेऊन हिंडत होते.
मला वाटलं, चला, माझा धंदा वाढला.

कोर्टात विचारलं, हे मंत्रिमहोदय आहेत का?
इझिदोर म्हणाला, नाही महाराज, हे बटण आहे.
लोक हसले.
न्यायाधीशांचा हात नकळत
झग्याआडून आपल्या पोटावर गेला.
त्या हाताचे सहा महिने, आणि वर दोन हजार फ्रँक.

दगडालाही शिक्षा झाली.
इन्स्पेक्टर कंदील घेऊन आला: आमच्यासमोर घासा.
मी घासला. टोपी गेली, गालफडं गेली,
म्हातारी गेली (तिचं वाईट वाटलं),
एक, दोन, पाच बटणं गेली.
सहाव्याशी इझिदोरने खडू दाबला होता,
चरबी आत मुरलेली. अजून अर्धा तास हवा होता.
इन्स्पेक्टरच्या बुटात पाणी शिरत होतं.
तो म्हणाला, पुरे.
सरकारने पुरे म्हटल्यावर
मी कोण घासत बसणारा?

पुढच्या वसंतात त्याच दगडावर
मेणबत्तीवाल्याचं दरपत्रक चढलं.
पहिल्या चाळीस प्रती कोऱ्या करकरीत.
एकेचाळिसावीत, साबण आणि वातींच्या मधे,
फिकट, घामाच्या डागासारखा, गोल.
आत चार ठिपके.
मालक कोर्निए पांढराफटक पडला.
रंग भरणारी झेली, जी शेकड्याला दोन फ्रँकवर
लोकांची नाकं लाल करायची,
तिने कुंचला पिवळ्यात बुडवला
आणि कोणी न सांगता ते सोनेरी करून टाकलं.
मेणबत्तीवाल्याने कागद उजेडात धरला,
खोकला, आणखी तीनशे प्रती मागितल्या.

इझिदोर सुटला तेव्हा छातीत घरघर घेऊन आला.
नंतर त्याने फक्त बाराखडीची पुस्तकं केली,
गाजर, गाढव, घंटा.
त्याला दरपत्रक दाखवलं. बराच वेळ पाहिलं त्याने.
म्हणाला, ठिपके जरा तिरपे आलेत.

छापखाना बुडाला, तेव्हा पगाराऐवजी दगड मिळाला.
आता तो माझ्या दारात पायरी आहे.
सून रोज सकाळी बादली ओतते, झाडू मारते,
पाणी सगळीकडे पसरतं,
एका जागी मात्र थबकतं, बाजूने वळसा घालतं.
सून म्हणते, इथे काही सांडलंय का हो, मामंजी?
निघता निघत नाही.

मी म्हणतो, राहू दे.
माझा खांदा दुखतो.